शाळा दिल्या, मैदानं राहिली : आयर्लंडच्या ख्रिश्चन ब्रदर्सचं प्रकरण

2017 साली डब्लिनच्या दक्षिणेला, डीन्सग्रेंज भागात, एका शाळेच्या मैदानावरून वाद पेटला. शाळेचं नाव क्लोनकीन कॉलेज. नावात कॉलेज असलं तरी ही मुलांची माध्यमिक शाळा. शाळेला लागून असलेली सुमारे साडेसात एकर खेळाची जमीन एका बांधकाम व्यावसायिकाला सुमारे 1 कोटी 80 लाख युरोंना विकायचं जमिनीच्या मालकांनी ठरवलं. हे मालक म्हणजे ख्रिश्चन ब्रदर्स, कॅथलिक शिक्षक-बंधूंचा एक संघ. त्यांनीच ही शाळा काढली, वाढवली आणि 2008 मध्ये दुसऱ्या संस्थेच्या हवाली केली. मैदान मात्र त्यांच्याच नावावर राहिलं होतं. आमच्या संघाच्या संस्थांमध्ये ज्या मुलांवर अत्याचार झाले त्यांच्या भरपाईसाठी कबूल केलेली रक्कम अजून पुरी द्यायची आहे, असं कारण त्यांनी दिलं. पालक संतापले आणि शाळेचं व्यवस्थापन मंडळ थेट कोर्टात गेलं.

आज खेळणाऱ्या मुलांचा हक्क एका बाजूला आणि साठ वर्षांपूर्वी मार खाल्लेल्या, नासवल्या गेलेल्या मुलांचा हक्क दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून कोर्टात कोण जिंकतं याला मी फारसं महत्त्व देत नाही. गरिबांच्या मुलांना फुकट शिकवण्यासाठी उभा राहिलेला संघ दोन्ही पिढ्यांच्या मुलांना एकाच जमिनीच्या तुकड्यावरून भांडायला लावण्याच्या अवस्थेला कसा आला, हे समजून घ्यायला हवं. माझ्या मते संघाच्या या अवस्थेचं मूळ माणसं कमी पडण्यात नाही. संघाने जे दिलं ते उशिरा दिलं, अर्धवट दिलं, आणि बाहेरच्या कुणाला हिशेब द्यायची सवय त्याने कधी लावूनच घेतली नाही, यात ते आहे.

ब्रदर म्हणजे कोण

वसईत कुणी तरुण ब्रदर घरी आला की घरातली आजी हमखास विचारते, ‘पुढे फादर होणार ना?’ तो म्हणतो, ‘नाही आजी, मी ब्रदरच राहणार.’ आजीला ते पटत नाही. फादर मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना करतो, पापनिवेदन ऐकतो, गावात त्याला मान असतो. ब्रदर यातलं काहीच करत नाही. तो दीक्षित धर्मगुरू नाही. त्याने व्रतं घेतलेली असतात, तो इतर ब्रदरांबरोबर एका घरात राहतो, एका ताटात जेवतो आणि सकाळी उठून शाळेत जातो. कॅथलिक चर्चमध्ये असे शिक्षक-बंधूंचे अनेक संघ आहेत. फ्रान्समध्ये 1680 च्या सुमारास जाँ-बातिस्त द ला साल यांनी रॅंसमध्ये सुरू केलेला संघ त्यातला सर्वांत मोठा. मारिस्ट ब्रदर्स 1817 चे, तेही फ्रान्सचेच. आयर्लंडचे ख्रिश्चन ब्रदर्स 1802 चे.

ख्रिश्चन ब्रदर्सची व्रतं पाच होती. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन सगळ्या व्रतस्थांना असतात. त्यांत दोनांची भर होती : टिकून राहण्याचं व्रत, आणि गरिबांना मोफत शिकवण्याचं व्रत. पाचवं व्रत वाचताना मला दर वेळी थांबावंसं वाटतं. शिकवण्याची फी न घेणं ही त्यांच्या लेखी शाळेची सवलत नव्हती, ती देवापुढे घेतलेली शपथ होती.

मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच परकी नाही. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली तेव्हा तिचा कणा होता आजीव सदस्यांचा : 20 वर्षं सेवा, महिना 75 रुपये, आणि बाहेरच्या कमाईपासून अलिप्तता. हे तत्त्व जेझुइट या कॅथलिक संघावरून घेतलं होतं आणि टिळकांनी 1890 मध्ये राजीनामा देताना त्याच तत्त्वाचा दाखला दिला. सदस्य बाहेरची कामं घेऊन कमाई करू लागले, त्यागाचा मूळ करार मोडला, हे त्यांचं दुखणं होतं. पुण्यातल्या त्या लोकांनी व्रत घेतलं नाही, संसार सोडले नाहीत, पण ‘शिक्षण हे पोट भरण्याचं साधन करायचं नाही’ ही प्रेरणा तीच. भांडण कशावरून झालं तेही पाहण्यासारखं आहे. एकाने काय कमावलं हे दुसरा उघडपणे विचारू शकत होता. ते कडू होतं, पण दिवाणखान्यात होत होतं. आयर्लंडच्या ब्रदरांच्या घरात असा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

वॉटरफर्डचा तबेला

एडमंड राइस यांचा जन्म 1762 चा, किलकेनी परगण्यातल्या कॅलन गावचा. त्या काळी आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर दंडविधींचं ओझं होतं. कॅथलिकाने शाळा चालवणं हा कायद्याने गुन्हा होता. 1782 नंतर ढिलाई आली तीही प्रॉटेस्टंट बिशपकडून परवाना घेण्याच्या अटीवर. राइस वॉटरफर्ड बंदरात काकांच्या व्यापारात शिरले आणि जहाजांना माल पुरवून चांगले सधन झाले. लग्न झालं. 1789 मध्ये बायको गेली, मागे एक अपंग मुलगी राहिली. मुलीची सोय लावून हा माणूस मठात जायच्या विचारात होता. तेव्हा त्यांच्या परिचयातल्या एका बाईने बंदरावर भटकणारी पोरं दाखवून विचारलं, ‘यांना सोडून तुम्ही रोममध्ये जाणार?’ अशी आठवण सांगतात.

1802 मध्ये त्यांनी न्यू स्ट्रीटवरच्या एका तबेल्यात वर्ग सुरू केले. खाली शाळा, वर राहण्याची जागा. सुरुवातीला त्यांनी पगारी मास्तर ठेवले. ती पोरं इतकी दांडगी होती की मास्तर टिकेनात. जास्त पगार देऊ केला तरी ते निघून गेले. तेव्हा कॅलनचेच दोन तरुण, थॉमस ग्रोव्हनर आणि पॅट्रिक फिन, राइस यांच्याबरोबर राहायला आले. ते पगारासाठी आले नव्हते, म्हणून पोरांना कंटाळून गेले नाहीत.

हा तपशील मी मुद्दाम देतो आहे. बंधुसंघ जन्मला तो शिक्षक टंचाईवरचा उपाय म्हणून. पैसे देऊन जे काम होत नव्हतं ते व्रताने झालं. पुढे 1803 मध्ये माउंट सायन इथे मोठं घर बांधलं आणि त्यात एक पावाची भट्टी आणि एक शिवणघर काढलं. उपाशी पोराला पाव आणि फाटक्या पोराला कपडे दिल्याशिवाय बाराखडी डोक्यात शिरत नाही, हे राइस यांना व्यापाऱ्याच्या डोक्याने कळलं होतं. 1808 मध्ये त्यांनी आणि साथीदारांनी व्रतं घेतली, 1820 मध्ये पोप सातवे पायस यांनी संघाला मान्यता दिली. त्यामुळे संघ स्थानिक बिशपच्या ताब्यातून निघून थेट रोमच्या अखत्यारीत आला. त्या वेळी ही स्वातंत्र्याची सनद वाटली. जवळचा बिशपही ज्याला जाब विचारू शकत नाही असा संघ म्हणजे काय, याचा अनुभव पुढे आला.

शिक्षेबाबत राइस यांचं मत स्पष्ट होतं. कॅशेलच्या आर्चबिशपना लिहिलेल्या एका पत्रात ते म्हणतात की क्वचित घडणाऱ्या काही अपराधांखेरीज शाळेत फटके मारले जात नाहीत. 1844 मध्ये ते वारले. 1996 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. तोवर त्यांच्या संघाची ओळख आयर्लंडच्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात एका वस्तूने पक्की केली होती : झग्याच्या खिशातला चामडी पट्टा. हाताच्या तळव्यावर तो बसायचा. चुकलेल्या बेरजेसाठी, आयरिश शब्दाच्या चुकीच्या उच्चारासाठी, उशिरा येण्यासाठी, कधी कशासाठीच नाही. आयरिश शाळांत शारीरिक शिक्षेवर बंदी आली 1982 मध्ये.

वाढ

1831 मध्ये ब्रिटिश सरकारने आयर्लंडमध्ये राष्ट्रीय शाळांची योजना आणली. काही ब्रदर शाळा आधी त्यात गेल्या आणि काही वर्षांतच बाहेर पडल्या, कारण धर्मशिक्षणावरच्या अटी मान्य नव्हत्या. अनुदान सोडलं, लोकवर्गणीवर चालवलं. स्वतःची पाठ्यपुस्तकं छापली. इतर शाळांत न मिळणारा आयर्लंडचा इतिहास त्यांनी शिकवला. ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स डब्लिनच्या वेस्टलँड रो इथल्या ब्रदर शाळेत शिकले. उठावातल्या इतर अनेकांचंही शिक्षण अशाच शाळांत झालं. स्वतंत्र आयर्लंडची नोकरशाही, शिक्षकवर्ग आणि दुकानदारवर्ग बऱ्याच अंशी ब्रदरांनी घडवला असं म्हणणं वावगं नाही. हे श्रेय काढून घेऊ नये. खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा सरकारी परीक्षा पास होऊन कारकून झाला, त्यामागे रात्री उशिरापर्यंत जादा तास घेणारा, पगार सगळा संघाच्या पेटीत टाकणारा ब्रदर होता.

ही माणसं यायची कुठून? त्यांच्याच शाळांतून. भरतीचं काम पाहणारा ब्रदर वर्गावर यायचा, मुलांना संघाविषयी सांगायचा आणि हात वर करायला सांगायचा. 14 वर्षांची पोरं घर सोडून डब्लिनजवळच्या बाल्डॉइलला उमेदवारीसाठी जायची. मोठ्या कुटुंबांत एका मुलाची शिक्षणाची सोय होत होती, आईला समाधान मिळत होतं. त्या वयात ब्रह्मचर्याचं व्रत म्हणजे काय हे त्या पोराला किती कळत असणार, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही.

याच भरतीच्या जोरावर संघ जगभर गेला. भारतात ब्रदर 1890 मध्ये कायमचे आले, कलकत्त्यात. मग आसनसोल, नैनिताल, कर्सियाँग, शिलाँग. दिल्लीची सेंट कोलंबाज 1941 ची. शाहरुख खान याच शाळेचे विद्यार्थी. गोव्यात वास्कोजवळ चिखली इथली रेजिना मुंडी शाळा ही याच संघाची. भारतात त्यांच्या शाळांचं नाव इंग्रजी, शिस्त आणि खेळ यांच्याशी जोडलं गेलं. गरिबांसाठी निघालेला संघ इथे अनेक ठिकाणी मध्यमवर्गाचा आवडता झाला, ही खंत संघातल्याच कित्येकांना होती.

बंद घर

आयर्लंडमध्ये शाळांबरोबर ब्रदर ‘औद्योगिक शाळा’ही चालवत. निराधार, गरीब किंवा किरकोळ चोरी करणारी मुलं न्यायालयाच्या आदेशाने तिथे पाठवली जात. डब्लिनचं आर्टेन 1870 ते 1969 चाललं, पश्चिमेला गॉलवे परगण्यातलं लेटरफ्रॅक 1887 ते 1974. आर्टेनमध्ये एका वेळी आठशेच्या वर मुलं असत. त्यांचा बँड डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावरच्या मोठ्या सामन्यांना वाजायचा आणि गणवेशातली ती मुलं पाहून लोकांचे डोळे भरून यायचे.

2009 च्या मे महिन्यात, अशा संस्थांतल्या मुलांवरच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रायन आयोगाचा अहवाल आला. पाच खंड, सुमारे 2,600 पानं. आर्टेनमध्ये मुलांवरचे लैंगिक अत्याचार ही जुनी, सतत चालू राहिलेली समस्या होती आणि मारहाण सर्वत्र, कठोर होती, असं त्यात नोंदवलं आहे. मला त्यातला सर्वांत जड भाग वाटतो तो संघाच्या स्वतःच्या जुन्या कागदपत्रांचा. वरिष्ठांना माहीत होतं. एखाद्या ब्रदरविषयी तक्रार आली की चौकशी व्हायची ती संघाच्या आत. आणि निकाल बहुतेक वेळा एकच : बदली. तो ब्रदर दुसऱ्या गावच्या शाळेत जायचा, तिथल्या मुख्याध्यापकाला कारण सांगितलं जायचं नाही. आज्ञापालनाचं व्रत इथे दोन्ही बाजूंनी काम करत होतं. ज्याची बदली झाली तो निमूट जायचा आणि ज्याने पाहिलं होतं तोही निमूट राहायचा.

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी, कारण आपल्याकडे अशी प्रकरणं आली की चर्चा लगेच ब्रह्मचर्याकडे वळते. ब्रह्मचर्य हे एकमेव कारण असतं तर विवाहित शिक्षकांच्या शाळांत काहीच घडलं नसतं. माझ्या वाचनात वारंवार जे दिसतं ते वेगळं आहे. मुलं अशी की त्यांच्यामागे कुणी नाही. शिक्षक असे की त्यांच्यावर कुणी नाही. सरकारी निरीक्षक आला तर आधी कळवून यायचा. गावातला पोलीस, डॉक्टर, न्यायाधीश हे बहुधा त्याच संघाच्या शाळेत शिकलेले. ब्रदरांच्या घराचं दार आतून बंद होतं आणि बाहेरून ते उघडायचं कुणाला सुचलं नाही, उलट ते बंद असण्यालाच पावित्र्य मानलं गेलं.

हे आयर्लंडपुरतं नव्हतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये माउंट कॅशेल अनाथालयाचं प्रकरण 1989 मध्ये उघड झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिंडूनसारख्या ठिकाणी ब्रिटनमधून पाठवलेली मुलं होती. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने 1950 ते 2010 या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा तिथल्या ख्रिश्चन ब्रदर्सपैकी 22 टक्क्यांवर बाललैंगिक अत्याचाराचे आरोप निघाले. हा आकडा आरोपांचा आहे, शिक्षांचा नाही, तरीही तो वाचून हात थरथरतो. आणि बाकीचे? त्यांच्यातले असंख्य प्रामाणिक शिक्षक होते, त्यांनी आयुष्य दिलं. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण एकाच घरात राहणाऱ्या माणसांना काहीच कळलं नाही हे मानणं मला जमत नाही.

माणसं संपली कशी

सप्टेंबर 1966 मध्ये आयर्लंडचे शिक्षणमंत्री डोनो ओमॅली यांनी मोफत माध्यमिक शिक्षण जाहीर केलं आणि 1967 पासून ते सुरू झालं. ब्रदरांनी याचं स्वागत केलं. त्यांचंच तर स्वप्न होतं ते. पण गरीब घरातल्या हुशार मुलाला शिकायचं असेल तर संघात शिरण्याची गरज उरली नाही. शिक्षकाच्या नोकरीला चांगला पगार आला, पदवीधर तरुण-तरुणी शाळांत येऊ लागले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये व्रतस्थ संघांना आपल्या मूळ प्रेरणेकडे परत जायला सांगितलं. परत गेल्यावर अनेकांना आपण नक्की इथे कशासाठी आहोत असा प्रश्न पडला आणि ते संघ सोडून गेले. अत्याचाराच्या बातम्या आल्या त्या याच्या नंतर, नव्वदच्या दशकात. म्हणजे उमेदवार आटले ते घोटाळ्यांमुळे नव्हे. ते आधीच आटले होते. टंचाईवर उपाय म्हणून जन्मलेला संघ, टंचाई सरल्यावर मागे पडला. दुःखाचं आहे, पण अपयशाचं नाही. इथेच संघाने मोठ्या मनाने ‘आमचं काम झालं, आता तुम्ही सांभाळा’ असं म्हणून शाळा प्रापंचिकांच्या, म्हणजे व्रत न घेतलेल्या सामान्य श्रद्धावंतांच्या, हाती दिल्या असत्या तर आजची कथा वेगळी असती. तोवर संघात दम होता, माणसं होती, लोकांचा विश्वास होता.

हे घडलं चाळीस वर्षांनी.

हस्तांतर

2008 मध्ये एडमंड राइस स्कूल्स ट्रस्ट स्थापन झाला आणि शंभराला थोड्या कमी शाळा, इमारतींसकट, त्याच्याकडे गेल्या. ट्रस्ट चालवणारे प्रापंचिक कॅथलिक. सनद केली गेली, तिची पाच सूत्रं ठरली : श्रद्धा आणि शुभवर्तमानाची मूल्यं, भागीदारी, अध्यापनातली गुणवत्ता, मायेचं शालेय कुटुंब, आणि बदल घडवणारं नेतृत्व. हे काम चांगलं झालं. आज त्या शाळा चालू आहेत, मुलं शिकत आहेत, बहुसंख्य शिक्षकांनी ब्रदर पाहिलेलाही नाही. कुलुपं लागली नाहीत हे लहान यश नाही.

पण मैदानं आणि आजूबाजूच्या बऱ्याच जमिनी संघाने स्वतःकडे ठेवल्या. वर्षभरातच रायन अहवाल आला. देशभर संताप उसळला आणि नोव्हेंबर 2009 मध्ये ब्रदरांनी 16 कोटी 10 लाख युरोंचा देकार जाहीर केला. त्यातले 3 कोटी 40 लाख रोख आणि समुपदेशनासाठी; उरलेले 12 कोटी 70 लाख म्हणजे मैदानांची किंमत. मैदानं सरकार आणि ट्रस्ट यांच्या संयुक्त मालकीत द्यायची होती.

हा देकार जवळून पाहा. मैदानं मुलं आधीपासून वापरतच होती. मालकी बदलली तरी त्यावर तेच सामने होणार होते. ज्या माणसाने आर्टेनमध्ये मार खाल्ला त्याच्या हाती यातून एक युरोही येत नव्हता. तरीही ताळेबंदात ती रक्कम भरपाई म्हणून धरली गेली. पुढे वाटाघाटी लांबल्या, जमिनींच्या किमती कोसळल्या, आणि शेवटी मैदानांचा तो देकार संघाने मागे घेऊन जमिनी ट्रस्टकडेच द्यायचं ठरवलं. 2017 मध्ये आयर्लंडच्या महालेखापरीक्षकांनी आकडे मांडले : भरपाई आणि चौकशीचा सरकारी खर्च सुमारे 150 कोटी युरो, आणि सगळ्या धर्मसंघांनी मिळून 2015 अखेर भरलेला वाटा सुमारे 13 टक्के. त्याच वर्षी क्लोनकीनची जमीन मात्र विक्रीला निघाली.

आता तो वाद या पार्श्वभूमीवर कसा दिसतो? 2008 मध्ये मैदानंही शाळांबरोबर दिली असती, आणि भरपाईसाठी शाळांशी संबंध नसलेली मालमत्ता, रिकामे मठ, गुंतवणुका आधी विकून मोकळे झाले असते, तर पालकांना हा दिवस पाहावा लागला नसता. जमिनी राखून ठेवताना हेतू म्हाताऱ्या ब्रदरांच्या शुश्रूषेचाही होता, आणि तो खोटा नाही. सत्तरी-ऐंशीतली ही माणसं. आयुष्यभराचा पगार पेटीत टाकलेला, स्वतःचं घर नाही, मुलं नाहीत. त्यांना कुणी सांभाळायचं? संघानेच. पण एका हाताने वृद्धांसाठी, दुसऱ्याने पीडितांसाठी आणि तिसऱ्याने शाळांसाठी एकच जमीन धरून ठेवली, म्हणून ती कुणालाच वेळेवर मिळाली नाही.

यापेक्षाही मला खटकतं ते कोर्टातलं वागणं. आयरिश कायद्यात असा संघ ही कंपनी नाही. तो सदस्यांचा समूह. त्याच्यावर दावा करायचा तर प्रमुखाने सर्वांच्या वतीने प्रतिनिधी म्हणून उभं राहायचं असतं. अलीकडच्या दिवाणी दाव्यांत प्रांतप्रमुखांनी असं उभं राहायला नकार दिला. त्यामुळे पीडितांना हयात ब्रदरांना एकेक करून, शंभराहून जास्त म्हाताऱ्यांना, प्रतिवादी करावं लागलं. यात वर्षं गेली. पीडितही साठी-सत्तरीतले. कायद्याच्या दृष्टीने हा पवित्रा चालतो. गरिबांच्या मुलांसाठी पाचवं व्रत घेणाऱ्या संघाला तो शोभत नाही, हे मी स्पष्ट म्हणतो. एकत्र राहणं, एकत्र खाणं, एकच पेटी हे ज्यांचं जीवन, त्यांनी जबाबदारीच्या वेळी मात्र ‘आम्ही वेगवेगळे’ म्हणू नये.

इतर देशांत काय झालं? ऑस्ट्रेलियात 2007 पासून शाळा एडमंड राइस एज्युकेशन ऑस्ट्रेलियाकडे गेल्या आणि तिथे संघ आणि शाळा यांची फारकत तुलनेने स्वच्छ झाली. उत्तर अमेरिकेतल्या ब्रदरांच्या संस्थेने दाव्यांच्या भाराखाली 2011 मध्ये दिवाळखोरी अर्ज केला.

पुढे काय

जगभरचा विचार केला तर काही हजारांचा हा संघ आता हजाराच्या आत आला आहे. नवे उमेदवार येतात ते मुख्यतः आफ्रिकेतून आणि भारतातून. द ला सालच्या संघाकडे पाहिलं तर दिशा कळते : 1960 च्या दशकात सोळा हजारांच्या वर ब्रदर होते, आज तीन हजारांच्या आसपास, आणि त्यांच्या संस्थांतली मुलं मात्र दहा लाखांच्या पुढे. म्हणजे शाळा चालवायला ब्रदर लागत नाही, हे सिद्ध झालं आहे. मग ब्रदर कशाला लागतो?

माझं उत्तर असं की तो तिथे लागतो जिथे पगारी शिक्षक टिकत नाही. वॉटरफर्डच्या तबेल्यात हाच प्रश्न होता आणि आजही अशा जागा आहेत : रस्त्यावरची मुलं, स्थलांतरित मजुरांच्या वस्त्या, आदिवासी पाडे, अपंग मुलांची घरं. भारतातल्या काही ब्रदरांनी नामांकित शाळांतून बाहेर पडून अशी कामं हाती घेतली आहेत. तिथे इमारत नाही, बँड नाही, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा नाही. या कामासाठी चार-पाच माणसं पुरतात आणि ती व्रत घेऊन राहिली तर कामाला टिकाव येतो.

मात्र त्या घराचं दार उघडं असायला हवं. मुलांबरोबर राहणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या मंडळावर संघाबाहेरची माणसं असावीत, त्यांत बायका असाव्यात, कारण या संघाच्या इतिहासात मुलांविषयीचे निर्णय घेणाऱ्या खोलीत आई असलेली कुणीच नव्हती. तक्रार आली की ती पोलिसांकडे जावी. आपल्याकडे 2012 च्या पोक्सो कायद्याने ते बंधनकारकच आहे. ब्रदरची बदली झाली तर कारण लेखी, नव्या ठिकाणच्या मंडळाला कळावं. आणि 14 वर्षांच्या मुलाला उमेदवार करू नये. शिकू द्यावं, नोकरी करू द्यावी, प्रेमात पडू द्यावं; त्यानंतरही यायचं असेल तर दार उघडावं. एडमंड राइस स्वतः व्यापारी, नवरा, बाप आणि विधुर होऊन चाळिशीत या वाटेला आले होते.

गोव्यातल्या आणि वसईतल्या वाचकांनी हे आयर्लंडचं प्रकरण म्हणून बाजूला ठेवू नये. आपल्या धर्मप्रांतांतही व्रतस्थांच्या शाळा प्रापंचिकांच्या हाती जाण्याचे दिवस येत आहेत. त्या वेळी सातबारा कुणाच्या नावे, मैदान कुणाचं, जुन्या तक्रारींची फाइल कुणाकडे आणि म्हाताऱ्या सिस्टरांची औषधं कोण आणणार, हे हस्तांतराच्या दिवशीच कागदावर यायला हवं, नंतर नाही.

आयर्लंडमध्ये प्रकरण अजून मिटलेलं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये दिवसशाळा आणि वसतिगृहशाळांविषयीचा प्राथमिक चौकशी अहवाल आला : 308 शाळा, 2,395 तक्रारी, 884 आरोपी, अनेक संघ मिळून. रायन आयोगाच्या कक्षेत मुख्यतः न आलेली ही मुलं, त्यांतली बरीच सकाळी शाळेत जाऊन संध्याकाळी घरी येणारी, ज्यांनी घरी काही सांगितलं नाही. 2025 मध्ये आयरिश सरकारने त्यांच्यासाठी चौकशी आयोगाला मंजुरी दिली. ख्रिश्चन ब्रदर्सच्या आयरिश प्रांतातली उरलेली माणसं आता या आयोगापुढे येतील. कागद त्यांच्याकडे आहेत, आणि ते न मागता द्यायचे की कोर्टाचा आदेश येईपर्यंत थांबायचं हे त्यांनाच ठरवायचं आहे.